रेडिंगहून व्हॅलेन्सियाला: मुलांचं काय न्यायचं, काय तिथेच घ्यायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुम्ही ब्रिटिश नागरिक, घर रेडिंगला, यजमानांची बदली स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला झाली आहे. सहा महिन्यांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी आहे. मुलांचं सामान इथूनच भरून न्यावं की तिकडे सगळं मिळतं, औषधांचं काय करावं, आणि सासूबाईंनी कढवलेलं तूप नेता येईल का?

मी फार्मासिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झालं, नंतर बरीच वर्षं इंग्लंडमधल्या औषधांच्या दुकानांत काम केलं, आणि आता व्हॅलेन्सियाच्या खालच्या बाजूला, आलिकांते प्रांतात काम करते. इथे ब्रिटिश कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर सतत येतो.

वापरून संपणाऱ्या वस्तू तिथे घ्या. मुलांच्या अंगाला, पायाला किंवा गाडीला नीट बसलेल्या वस्तू बरोबर न्या. आणि विमानात बसण्याआधी दोन्ही मुलांचे तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा: वजन किलोत, उंची सेंटिमीटरमध्ये, पायाची लांबी मिलिमीटरमध्ये. ब्रिटनमध्ये आपल्याला वयावर खरेदी करायची सवय लागते. कपडा ‘सहा ते नऊ महिने’ वाला, औषध ‘तीन महिन्यांवरील’ वाला. स्पेनमध्ये फार्मसीच्या काउंटरवर पहिला प्रश्न वजनाचा येतो आणि कपड्याच्या लेबलवर सेंटिमीटर छापलेले असतात. हे आकडे हाताशी असले की भाषा येत नसतानाही बहुतेक खरेदी बिनचूक होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे तापाचं औषध.

ब्रिटनमध्ये घरोघरी कॅलपॉलची बाटली असते. लहान मुलांच्या कॅलपॉलमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, म्हणजे एका मिलिलिटरला २४ मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या बाळाला तिथल्या तक्त्याप्रमाणे ५ मिलिलिटर दिलं जातं. स्पेनमध्ये कॅलपॉल मिळत नाही. तिथे घरोघरी आपिरेताल नावाची बाटली दिसते, आणि तिच्यात एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. औषध तेच, पण चौपटीहून जास्त तीव्र. रात्री दोन वाजता, बाळ तापाने फणफणलेलं असताना, आईचा हात सवयीने ५ मिलिलिटरच भरतो. आपिरेतालचे ५ मिलिलिटर म्हणजे ५०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची एक अख्खी गोळी तेवढी असते.

स्पेनमध्ये मात्रा वजनावर काढतात: दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. तुमचा मुलगा साडेसात किलोचा असेल तर एका वेळची मात्रा साधारण ११२ मिलिग्रॅम, म्हणजे आपिरेतालचे जेमतेम १.१ मिलिलिटर. सिरिंजमध्ये तेवढंसं औषध बघून ‘इतक्याने काय होणार’ असं वाटतं. तसं वाटलं तरी आणखी ओढू नका, कारण औषधाचं प्रमाण पूर्ण आहे, फक्त पाणी कमी आहे. बाळाची नेमकी मात्रा पहिल्या भेटीत बालरोगतज्ज्ञांकडून किंवा फार्मासिस्टकडून बाटलीच्या खोक्यावरच लिहून घ्या. वजन वाढेल तसं ती बदलून घ्यायची.

इथे माझा आग्रह आहे, आणि तो मी प्रत्येक आईवडिलांपाशी धरते: दोन देशांच्या बाटल्या एकाच कपाटात ठेवू नका. पहिल्या आठवड्याची निकड म्हणून कॅलपॉलची एक बाटली जरूर न्या. स्पेनची बाटली घरात आली की कॅलपॉल फार्मसीत परत करा, तिथे जुनी औषधं जमा करायची पेटी असते. प्रत्येक बाटलीबरोबर तिची स्वतःची सिरिंज येते, ती दुसऱ्या बाटलीला वापरायची नाही. आयबुप्रोफेनचंही असंच आहे. ब्रिटनमधलं लहान मुलांचं आयबुप्रोफेन ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. स्पेनमध्ये तेवढ्याच तीव्रतेचं, म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅमचं मिळतं आणि बरोबर दुप्पट, ४० मिलिग्रॅमचंही मिळतं. खोकी जवळजवळ सारखी दिसतात. खोक्यावर औषधाच्या नावाशेजारी छापलेला तो आकडा मोठ्याने वाचा, मगच पैसे द्या.

पॅरासिटामॉल टेस्कोत दुधाबरोबर घेऊन यायची सवय सोडावी लागेल. स्पेनमध्ये औषधं फक्त हिरव्या क्रॉसच्या फार्मासियात मिळतात, सुपरमार्केटात नाही. रात्री-अपरात्री आणि रविवारी पाळीने एखादी फार्मसी उघडी असते, तिला ‘फार्मासिया दे ग्वार्दिया’ म्हणतात. कुठली उघडी आहे याची यादी प्रत्येक फार्मसीच्या दारावर लावलेली असते. घर लागलं की पहिल्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या फार्मसीच्या दारावरच्या यादीचा फोटो काढून ठेवा.

ड जीवनसत्त्वाचे थेंब दोन्ही देशांत देतात. ब्रिटनमध्ये स्तनपान करणाऱ्या बाळांना दिवसाला ८.५ ते १० मायक्रोग्रॅम सांगतात. स्पेनमध्ये तेच ४०० युनिट असं लिहिलेलं दिसेल, आणि ४०० युनिट म्हणजेच १० मायक्रोग्रॅम. पण एका थेंबात किती हे ब्रँडप्रमाणे बदलतं. कुठे एक थेंब पुरतो, कुठे सहा लागतात. म्हणून ब्रिटनमधलीच बाटली संपेपर्यंत वापरा आणि नवी घेताना थेंबांचा हिशेब विचारून घ्या. बाळाला दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त डब्याचं दूध जात असेल, तर ब्रिटनच्या सल्ल्याप्रमाणे हे थेंब वेगळे द्यावे लागत नाहीत.

डब्याच्या दुधाबद्दल मात्र निर्धास्त राहा. ब्रिटनचे आणि युरोपीय संघाचे नियम एकाच मुळातून आले आहेत, त्यामुळे बाळाच्या दुधात काय आणि किती असावं हे दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे. डब्यांवर १, २, ३ असे आकडे असतात. स्पेनमध्ये सहाव्या महिन्यानंतर २ नंबरचा डबा सुचवतात. ब्रिटनची आरोग्यसेवा पहिलं वर्षभर १ नंबरच पुरेसा मानते, तेव्हा बाळाला मानवत असेल तर बदलायची घाई नको. ब्रँड बदलला तर मापाचा चमचाही नव्या डब्यातलाच वापरा. ब्रिटनमध्ये मिळणारी तयार द्रवरूप दुधाची छोटी खोकी इथे सुपरमार्केटात सहज दिसत नाहीत, त्यामुळे पावडर कालवायची सवय निघण्याआधीच लावून घ्या. पाणी किमान ७० अंशांचं हवं, म्हणजे उकळून अर्ध्या तासाच्या आत वापरलेलं. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. इथल्या बऱ्याच घरांत बाटलीतलं पाणी तसंच वापरताना दिसेल, तरी तुम्ही ७० अंश सोडू नका. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यातले जंतू गरम पाण्याने मरतात. भाड्याच्या घरात विजेची किटली बहुधा नसेल, ती पहिल्या दिवशीच घ्या.

व्हॅलेन्सियाचं नळाचं पाणी जड आहे, किटलीत पांढरा थर चटकन धरतो. पाण्याची चव न आवडून बरीच कुटुंबं बाटलीचं पाणी घेतात. तसं करणार असाल तर लेबलवर सोडियम लिटरला २०० मिलिग्रॅमच्या खाली आणि सल्फेट २५० च्या खाली आहे ना, एवढं बघा. बाळासाठी तेही पाणी उकळायचंच.

वरचं अन्न सुरू करताना एका गोष्टीकडे नीट लक्ष द्या. इथे बाळांच्या तृणधान्यांच्या पावडरींचा मोठा रॅक असतो, आणि त्यातल्या काहींवर मधमाशीचं गोंडस चित्र असतं, शेजारी ‘मिएल’ असं लिहिलेलं. मिएल म्हणजे मध. ब्रिटनमध्ये वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका असं स्पष्ट सांगतात, कारण त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे एक गंभीर जंतुविषबाधा, होऊ शकते. कंपन्या या पावडरीतल्या मधावर प्रक्रिया करतात, तरी त्या गोड चवीची बाळाला गरज नाही. तो डबा रॅकवरच राहू द्या. साधे ओटचे पोहे, तांदळाची पेज, आपली नाचणी यांवर बाळ उत्तम वाढतं. नाचणीचं पीठ मात्र इथल्या सुपरमार्केटात मिळणार नाही. ब्रिटनमधल्या भारतीय दुकानातून बंद पाकीट आणा, नुसत्या पिठाला दूध-मांसाचा नियम लागत नाही. व्हॅलेन्सियात रुझाफा भागात दक्षिण आशियाई दुकानं आहेत, डाळ, तांदूळ, हिंग यांची सोय तिथे होते.

मुलीच्या दुधाबद्दलही सांगते. सुपरमार्केटात लिटरच्या खोक्यांचे जे डोंगर दिसतात ते उच्च तापमानाला तापवलेलं, फ्रिजबाहेर टिकणारं दूध आहे. मुलांसाठी ते चालतं. मलईसकट हवं असेल तर ‘लेचे एन्तेरा’ घ्या. ताजं दूध फ्रिजच्या कोपऱ्यात थोडंसं असतं.

डायपरसाठी बॅगेतली जागा वाया घालवू नका. पॅम्पर्स बनवणारी कंपनी स्पेनमध्ये तेच डायपर दोदोत या नावाने विकते, आणि आकडे किलोवरच असतात. लिडलचं लुपिलू तर दोन्ही देशांत एकाच नावाने मिळतं. मर्कादोना या सुपरमार्केटचे स्वतःचे डायपरही लोक आवडीने घेतात. ओले वाइप्स विना-वासाचे शोधून घ्या, कारण इथे बाळांच्या वस्तूंना सुगंध फार आवडतो, बाळाला कोलोन लावायची जुनी पद्धत आहे. एक्झिमाचा त्रास असलेल्या मुलाच्या आईने प्रत्येक बाटलीवर ‘सिन पेर्फूमे’ शोधावं. डायपरच्या पुरळावरच्या सुडोक्रेम मलमाची सवय असेल तर एक मोठी डबी न्या. संपली की फार्मसीत झिंक ऑक्साइडचं मलम मागा, तेही तेवढंच काम करतं.

कपड्यांचा हिशेब थोडा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कपड्यांवर आणि बुटांवर व्हॅट शून्य आहे, स्पेनमध्ये तो २१ टक्के लागतो. त्यामुळे पुढच्या मापाचा जाड कोट, पावसाळी बूट, आणि मुलगी ब्रिटिश शाळेत जाणार असेल तर राखाडी पॅन्ट आणि पांढरे पोलो हे सामानातच नेलेलं परवडतं. रोजचे कपडे मात्र तिथेच घ्या. मलागाच्या मायोरालपासून झारा, किआबी, डेकॅथलॉनपर्यंत भरपूर दुकानं आहेत. लेबलवर १०४ म्हणजे १०४ सेंटिमीटर उंचीच्या मुलाचा कपडा, साधारण तीन ते चार वर्षांचा, आणि ११० म्हणजे चार ते पाच. मुलीची उंची बघा आणि तो किंवा वरचा आकडा उचला. सेल, म्हणजे ‘रेबाखास’, पारंपरिकपणे ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर आणि जुलैच्या सुरुवातीला लागतात. हिवाळी कपडे जानेवारीत घेतले तर पुढच्या वर्षाची सोय होते.

आणि हिवाळ्याला कमी लेखू नका! व्हॅलेन्सिया म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर समुद्र आणि ऊन येतं. पण इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये रेडिएटर नसतात, फरशी टाइल्सची, भिंती दमट. जानेवारीच्या रात्री रेडिंगच्या तुमच्या घरापेक्षा इथली बेडरूम जास्त गार असू शकते. बाळाची २.५ टॉगची (टॉग म्हणजे उबदारपणाचं माप) झोपायची पिशवी आणि खोलीचा थर्मामीटर न्याच. ब्रिटनमध्ये बाळाच्या खोलीसाठी १६ ते २० अंश सांगतात. उन्हाळ्यात ते इथे जमणं कठीण, तेव्हा ०.५ टॉगची पातळ पिशवी किंवा नुसतं बनियन आणि डायपर. अंगावर सैल पांघरूण मात्र कुठल्याच ऋतूत नको.

बुटांबद्दल मी थोडं रेंगाळणार आहे, कारण तुम्ही बुटांच्या माहेरघरी येताय. शेजारच्या आलिकांते प्रांतातली एल्चे आणि एल्दा ही गावं चपला-बूट बनवण्यासाठीच ओळखली जातात, आणि बायोमेकॅनिक्ससारखे मुलांचे बूट व्हॅलेन्सियाच्या बायोमेकॅनिक्स संस्थेबरोबर मिळून घडवलेले आहेत. मुलांच्या पहिल्या बुटांसाठी ब्रिटनमधून काही आणायची गरज नाही. अडचण होते ती मापाची. ब्रिटिश माप एका इंचाच्या तृतीयांशाने वाढतं, म्हणजे सुमारे साडेआठ मिलिमीटरने, आणि युरोपचं सेंटिमीटरच्या दोन तृतीयांशाने, म्हणजे ६.७ मिलिमीटरने. पायऱ्याच वेगळ्या उंचीच्या असल्याने दोन्हींचा तक्ता कधीच तंतोतंत जुळत नाही. ब्रिटिश ९ म्हणजे २७ हे बरं जुळतं, पण ब्रिटिश ८ हा २५ आणि २६ च्या मध्येच कुठेतरी पडतो. म्हणून तक्ता बाजूला ठेवा. मुलीला संध्याकाळी, मोजे घालून, टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं करा आणि सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा. दोन्ही पायांची, कारण एक बहुधा मोठा असतो. मोठ्या पायाच्या लांबीत १० ते १२ मिलिमीटर मिळवा आणि दुकानात बुटाच्या आतल्या तळव्याची लांबी विचारा. बऱ्याच स्पॅनिश ऑनलाइन दुकानांत ती प्रत्येक मापासमोर दिलेली असते. ब्रिटनमध्ये एफ, जी, एच अशा रुंदीच्या पट्ट्या मिळतात, तशा इथे सहसा नसतात. मुलीचा पाय रुंद असेल तर वेल्क्रोचे, वरून मोकळे उघडणारे बूट बघा.

कारसीट आहे ती न्या. विमान कंपन्या लहान मुलाबरोबर सीट आणि बाबागाडी बहुधा वेगळे पैसे न घेता नेतात. नारिंगी लेबलवर सुरक्षेच्या मानकाचं नाव, आर-१२९ किंवा आर-४४, लिहिलेलं असेल तर ती स्पेनमध्ये चालते. नवी घ्यायची वेळ आली तर आर-१२९ च मिळेल, कारण सप्टेंबर २०२४ पासून युरोपीय संघात जुन्या प्रकारच्या नव्या सीट विकता येत नाहीत. नियमातला एक फरक लक्षात ठेवा: स्पेनमध्ये १३५ सेंटिमीटरपर्यंतच्या मुलाने मागेच बसायचं, पुढच्या सीटची मुभा फक्त मोजक्या अपवादांत. ब्रिटनमध्ये एअरबॅग बंद करून बाळाला पुढे बसवायची सवय असेल तर ती इथे मोडावी लागेल. वॉलापॉपवर आणि विंटेडवर मुलांचं वापरलेलं सामान भरपूर आणि चांगलं मिळतं, खुर्च्या, खेळणी, पाळणे बेलाशक घ्या. कारसीट मात्र अनोळखी माणसाकडून घेऊ नका, ती अपघातातून गेलेली आहे का हे बाहेरून कळत नाही.

बाबागाडी मोठी असेल तर आधी भाड्याच्या घराच्या लिफ्टच्या दाराची रुंदी विचारा. जुन्या इमारतींतल्या लिफ्ट फार अरुंद असतात. वीज दोन्हीकडे २३० व्होल्टच आहे, स्टरिलायझर आणि बेबी मॉनिटर अ‍ॅडॉप्टरवर चालतील. चादरींत पाळण्याची मापं बहुतेक जुळतात, पण मुलीच्या पलंगाची नाहीत: ब्रिटिश सिंगल १९० सेंटिमीटर लांब, इथला २०० पर्यंत, तेव्हा तिच्या चादरी तिथेच घ्या.

शाळेचं म्हणाल तर, सरकारी शाळेत गेलीत तर मुलीला जन्मवर्षावरून वर्ग मिळेल, सप्टेंबर ते ऑगस्टच्या ब्रिटिश हिशेबाने नाही. लहान वर्गात कपड्यांवर घालायचा झगा लागतो, ‘बाबी’, तो सप्टेंबरच्या आधी सगळ्या दुकानांत येतो. शाळेने दिलेली यादी हातात येईपर्यंत दप्तर किंवा रंग काहीच घेऊ नका.

इथे डास आहेत, वाघ-पट्ट्यांचे, दिवसाही चावणारे. पाळण्यावर आणि बाबागाडीवर बसणाऱ्या जाळ्या पहिल्या महिन्यातच घ्या. सहा महिन्यांच्या बाळाला थेट उन्हापासून लांब ठेवा, सावलीला पर्याय क्रीम नाही. सनस्क्रीनवर यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण दाखवणारे ब्रिटनमधले तारे शोधू नका, इथे वर्तुळात लिहिलेलं ‘यूव्हीए’ असतं.

आता तूप. नाही, नेता येणार नाही. १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटन युरोपीय संघासाठी बाहेरचा देश आहे, आणि बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. तूप, खवा, पेढे, चीज, सॉसेज, सगळं त्यात आलं, आणि घरचं असो की दुकानचं, नियम तोच. सवलत बाळाच्या दुधाच्या पावडरीला, बाळाच्या तयार अन्नाला आणि वैद्यकीय कारणाने लागणाऱ्या विशेष अन्नाला आहे: माणशी सगळं मिळून २ किलोपर्यंत, कंपनीचं बंद पाकीट, आणि उघडण्याआधी फ्रिजची गरज नसलेलं. वापरात असलेला उघडा डबा चालतो. नियमात नाव पावडरचं आहे, म्हणून प्रवासात लागेल तेवढं सोडून बाकी दूध पावडरचंच ठेवा. सासूबाईंना सांगा, इथल्या सुपरमार्केटात बिनमिठाचं लोणी मिळतं, ‘मान्तेकिया सिन साल’, आणि त्याचं तूप छान रवाळ होतं.

घरसामान हलवताना, तुम्ही किमान बारा महिने संघाबाहेर राहिलेल्या असाल आणि वस्तू सहा महिने वापरलेल्या असतील, तर त्यांच्यावर जकात आणि कर माफ होतो. नवी कोरी, टॅग लावलेली वस्तू त्यात बसत नाही. म्हणून पाळणा, खुर्ची यांची खरेदी निघण्याच्या तोंडावर करू नका, आणि यादी वस्तुवार, पावत्यांसकट तयार ठेवा. नंतर ब्रिटनहून मागवलेल्या पार्सलावर स्पॅनिश कर लागतो, तेव्हा दुकानाच्या किमतीत तो धरलाय का हे पैसे भरण्याआधी बघा. नाहीतर दारात कुरिअरवाला हाताळणीच्या शुल्कासकट मागतो. आजी-आजोबांनी पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते, फक्त पार्सलावर ‘भेट’ असं लिहून आतल्या वस्तू आणि किंमत खरी नोंदवायला सांगा. चॉकलेट आणि बिस्किटं चालतात. आणि तुम्ही स्वतः विमानाने ब्रिटनला जाऊन आलात, तर मोठ्या माणसामागे ४३० युरोंपर्यंतची खरेदी कराशिवाय आणता येते. मुलांच्या पुढच्या वर्षीच्या कोट-बुटांना तेवढं पुरतं.

हातातल्या बॅगेत, कुठल्याही परिस्थितीत चेक-इनमध्ये न टाकता, मुलांची लाल आरोग्यपुस्तिका ठेवा. लसींच्या तारखा इथला बालरोगतज्ज्ञ त्यातूनच उतरवून घेतो, आणि मुलाच्या शेवटच्या वजनाची नोंदही तिथेच असते. मुलाचं नेमकं वजन आणि वय इथे कळवलंत तर औषधांबद्दल आणखी नेमकं सांगू शकेन.